गॅस गिझर सारखा पेटतो-विझतो? आधी बादली आणि घड्याळ घ्या

गिझर मधेच विझायला लागला की आधी सेल बदलले जातात, मग सिलिंडर बदलला जातो आणि शेवटी मेकॅनिकला फोन जातो. गोव्यातल्या घरांत मात्र दोष बहुतेक वेळा पाण्याच्या बाजूला असतो. टाकी पुरेशी उंच नसते, जाळीत तांबडा गाळ बसलेला असतो, मिक्सरमध्ये थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटत असतं, नाहीतर मे महिन्यात टाकीतलं पाणी आधीच इतकं कोमट असतं की गिझर अति तापून स्वतःच बंद होतो. म्हणून तपासणीची सुरुवात पाण्यापासून करा. त्यात पैसे जात नाहीत आणि जोखीमही नाही.

गिझर पेटतो कसा, हे एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. गरम पाण्याचा नळ सोडला की आत येणाऱ्या पाण्याच्या दाबाने रबरी डायफ्राम (पातळ पडदा) हलतो. त्याला लागून असलेली पिन सरकते. ती गॅसचा व्हॉल्व्ह उघडते आणि दाबून धरलेला मायक्रोस्विच (छोटं बटण) सोडते. मग दोन सेलवर चालणारं इग्निशन युनिट टक-टक ठिणगी देतं, सोलेनॉइड (सेलवर उघडणारा गॅसचा दुसरा व्हॉल्व्ह) उघडतो आणि बर्नर पेटतो. ज्योतीत शिरलेली सेन्सर पिन 'ज्योत आहे' असं सांगत राहते तोवरच सोलेनॉइड उघडा राहतो. पाणी मंदावलं, ज्योत हलली, पाणी अति तापलं किंवा सेल उतरले, यांतलं काहीही झालं की गॅस बंद. विझणं म्हणजे बहुतेकदा गिझर आपलं संरक्षणाचं काम करतोय. त्यामुळे सेन्सरची वायर जोडून टाकणं, मायक्रोस्विच कायम सुटलेला राहील असा टेपने बांधणं असले उपाय कुणी सुचवले तर त्याला हात लावू देऊ नका.

किती वेळाने विझतो?

नळ सोडा आणि घड्याळ बघा.

टक-टक आवाजच येत नसेल तर पाण्याचा जोर कमी आहे, डायफ्राम गेला आहे किंवा सेल पार मेले आहेत. टक-टक होते पण ज्योत धरत नाही, तर गॅस पोचत नाही किंवा पाइपमध्ये हवा आहे. सिलिंडर नुकताच बदलला असेल तर दोन-तीन वेळा नळ बंद-चालू केल्यावर हवा निघून जाते. पेटतो आणि पाच-दहा सेकंदांत विझतो, तर सेन्सर पिन, सोलेनॉइड किंवा अर्धवट उतरलेले सेल. एक-दोन मिनिटं नीट चालतो, पाणी कढत येतं आणि विझतो, तर अति तापतोय. शॉवर चालू असताना कुणी स्वयंपाकघरात नळ सोडला की विझतो, तर दाब पडतोय. आणि दर वेळी बरोबर वीस मिनिटांच्या आसपास विझत असेल तर तो बिघाड नाही. बऱ्याच मॉडेलांत वीस मिनिटांचा सुरक्षा टायमर असतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की गिझर परत पेटतो. हा टायमर न्हाणीघरातली हवा लक्षात घेऊन बसवलेला आहे, तो काढून घेऊ नका.

बादलीची परीक्षा

गॅस बंद ठेवून गरम पाण्याच्या नळाखाली १० लिटरची बादली ठेवा आणि भरायला लागणारा वेळ मोजा. ६ लिटरच्या (म्हणजे मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणाऱ्या) गिझरला शंभर सेकंदांत बादली भरली तर उत्तम. साधारण अडीच-तीन मिनिटं लागली तरी गिझर चालतो. चार मिनिटं लागली म्हणजे प्रवाह मिनिटाला अडीच लिटरवर आला; इथे गिझर काठावर असतो, दाब जरा हलला की विझणार. हीच परीक्षा शॉवरलाही करा. शॉवर काढता येत नसेल तर त्याच्याखाली बादली धरा.

खालच्या नळाला बादली पटकन भरते, गिझर नीट चालतो, पण शॉवर लावला की विझतो: ही कौलारू घरांतली नेहमीची तक्रार. कारण उंचीत आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याने १ बार दाब मिळतो. सर्वसाधारण गिझरला ०.२ ते ०.३ बार, म्हणजे दोन ते तीन मीटर उंची लागते. मांगलोरी कौलांवर टाकी ठेवता येत नाही, म्हणून ती मागच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवलेली असते. स्लॅब नऊ फुटांवर, शॉवर सात फुटांवर. टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम दोन फूट, म्हणजे ०.०६ बार. खालचा नळ दोन फुटांवर असल्याने त्याला सात फूट उंची मिळते, म्हणून तो चालतो. टाकी भरलेली असताना गिझर पेटतो आणि ती अर्धी झाली की विझतो, हेही याच कारणाने होतं. इथे गिझरचा एकही भाग बदलून उपयोग नाही.

उपाय असे. टाकी लोखंडी स्टँडवर दीड-दोन मीटर चढवा, पण चक्रीवादळाचा आणि मृगाच्या पावसाचा वारा लक्षात घेऊन स्टँड स्लॅबमध्ये नीट पक्का करून घ्या. टाकीपासून गिझरपर्यंत स्वतंत्र १ इंची किंवा किमान पाऊण इंची लाइन टाका, मध्ये एल्बो (वळणाचे जोड) कमीत कमी ठेवा. वाटेतला जुना गेट व्हॉल्व्ह काढून पूर्ण उघडणारा बॉल व्हॉल्व्ह बसवा. गेट व्हॉल्व्हची चकती आत तुटून अर्ध्यावर अडकली तरी बाहेरून कळत नाही. नवा गिझर घ्यायचाच असेल तर कमी दाबावर चालणारं मॉडेल मागा आणि किमान दाबाचा आकडा कागदावर बघूनच घ्या. हे काही जमणार नसेल तर बादलीत पाणी काढून आंघोळ करणं हा पूर्णपणे योग्य उपाय आहे.

टाकी धुतल्यानंतर लगेच गिझर रुसला असेल तर पाइपात हवा अडकली आहे. गिझरची आउटलेट नळी सोडून, गॅस बंद ठेवून, बादलीभर पाणी सरळ वाहू द्या. दर वेळी असंच होत असेल तर टाकीच्या आउटलेटजवळ उभा एअर व्हेंट पाइप बसवून घ्या.

जाळीतला तांबडा गाळ

पाण्याच्या इनलेटला नट सोडला की आत बोटाच्या पेराएवढी छोटी जाळी असते. गोव्यात ती वर्षातून दोनदा तरी काढायला हवी, एकदा पावसाळा संपल्यावर आणि एकदा मार्चमध्ये. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) जमिनीतल्या विहिरीच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात लोह असतं. पाणी येतं तेव्हा स्वच्छ दिसतं, टाकीत हवा लागली की लोह तांबडं होऊन खाली बसतं. नळाच्या पाण्याचंही पावसाळ्यात तेच. पाणीपुरवठा ओपाचा असो, अस्नोड्याचा असो की साळावलीचा, नद्या-धरणांतलं पाणी जून-जुलैमध्ये गढूळ होतं आणि त्यातला बारीक गाळ थोडाफार घरच्या टाकीत उतरतोच.

जाळी काढताना आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा, मग पाण्याचा व्हॉल्व्ह. खाली बादली ठेवा. इनलेटचा नट अ‍ॅडजस्टेबल पान्याने सोडताना दुसऱ्या हाताने गिझरकडचा भाग धरून ठेवा, नाहीतर आतली तांब्याची नळी पिळली जाते. जाळी बोटावर घासून पाहा: मऊ, लालसर, शेवाळासारखा थर निघाला तर तो लोहाचा गाळ. जुन्या टूथब्रशने पाण्याखाली घासा, सुई घालून भोकं मोठी करू नका. जाळी बाहेर असतानाच व्हॉल्व्ह क्षणभर सोडून लाइनमधला गाळ बादलीत येऊ द्या. रबरी वायसर चपटा झाला असेल तर नवा घाला. शॉवरची चाळणही त्याच वेळी व्हिनेगरमध्ये तासभर बुडवून घासून घ्या. शॉवर तुंबला तरी गिझरला प्रवाह कमीच मिळतो.

उन्हाळ्यातलं विझणं

'थंडीत व्यवस्थित होता, एप्रिलपासून विझतोय' अशा गिझरमध्ये बिघाड क्वचितच सापडतो. हिशेब करून बघा. ६ लिटरचा गिझर मिनिटाला ६ लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवतो. जानेवारीत टाकीतलं पाणी २५ अंशांवर असेल तर बाहेर ५० अंशांचं येतं. मे महिन्यात उन्हातल्या काळ्या टाकीतलं पाणी संध्याकाळी ३५ अंशांवर असतं. त्यात कढत नको म्हणून आपण गरम नळ अर्धाच सोडतो. मिनिटाला ३ लिटर पाणी, ज्योत तेवढीच; म्हणजे पाणी ५० अंशांनी तापणार, ३५ चं ८५ होणार. ओव्हरहीट सेन्सर मॉडेलप्रमाणे ७५ ते ८५ अंशांच्या आसपास गॅस तोडतो. थंड झालं की परत पेटवा, परत विझतो.

इथे गरम नळ कमी करणं हीच चूक असते. पाणी पूर्ण सोडा आणि ज्योत कमी करा. समर-विंटर नॉब असेल तर तो समरवर ठेवा, त्याने बर्नरचा काही भागच पेटतो. गॅसचा नॉब अगदी खाली आणा, पाण्याचा नॉब जास्त प्रवाहाकडे फिरवा. मिसळायला थंड पाणी लागूच नये इतकं कोमट पाणी गिझरमधून यायला हवं. तरीही कढत येत असेल तर त्या महिन्यांत गिझरची गरजच नाही. टाकीतलं पाणी आंघोळीला पुरेसं कोमट असतं.

मिक्सरची भानगड याच्याशी जोडलेली आहे. थंड पाणी पंपाच्या लाइनवरून आणि गरम पाणी टाकीवरून गिझरमार्गे येत असेल, तर मिक्सरमध्ये जोराचं थंड पाणी कमजोर गरम पाण्याला दाबून धरतं. गिझरला प्रवाह मिळत नाही आणि तो विझतो. पारख सोपी आहे: थंड नळ पूर्ण बंद केल्यावर गिझर नीट चालला तर दोष मिक्सरच्या जोडणीत. थंड आणि गरम दोन्ही लाइनी एकाच टाकीवरून किंवा एकाच पंपावरून घ्या. तोवर थंडाचा अँगल कॉक अर्धा बंद ठेवून दाब सारखा करता येतो.

प्रेशर पंप असलेल्या घरांत आणखी एक गोष्ट बघा. पंपच दर काही सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर पाणी लाटेसारखं येतं आणि प्रत्येक लाटेबरोबर गिझर पेटतो-विझतो. पंपाला छोटी प्रेशर टाकी असेल तर तिच्यातली हवा गेलेली असते. पंपाची वीज बंद करा, नळ सोडून लाइन रिकामी करा आणि टाकीच्या डोक्यावरच्या व्हॉल्व्हवर टायरचा गेज लावा. पंप ज्या दाबाला चालू होतो त्यापेक्षा हवा साधारण २ पीएसआय कमी हवी. पंप २० ला चालू होत असेल तर १८. सायकलच्या पंपाने भरता येते. त्या व्हॉल्व्हमधून हवेऐवजी पाणी आलं तर आतली रबरी पिशवी फाटली आहे, ती बदलावी लागेल.

डायफ्राम आणि पिन

बादलीची परीक्षा उत्तम, जाळी स्वच्छ, सेल नवे आणि तरीही टक-टक नाही, तर डायफ्राम. रबर कडक होतं किंवा त्याला सुईएवढं भोक पडतं. गॅस, पाणी बंद, सेल बाहेर, आतलं पाणी काढलेलं, मग नॉब ओढून कव्हर सोडा. पाण्याच्या व्हॉल्व्हचे स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीने सोडा. कुठली बाजू वर होती त्याचा फोटो काढून ठेवा. नवा डायफ्राम त्याच मॉडेलचा घ्या. त्याला तेल किंवा व्हॅसलीन लावू नका, रबर फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस. व्हॉल्व्हच्या या भागापलीकडे गॅसचा भाग सुरू होतो, तिकडचा एकही स्क्रू घरी सोडू नका.

लोहाच्या गाळाने पिन अडकली तर उलटाच प्रकार होतो: नळ बंद केला तरी ज्योत जळत राहते. आतलं पाणी उकळून वाफ होते, कॉईल (पाणी तापवणारी तांब्याची नळी) फुटू शकते. असं एकदाही दिसलं तर तत्काळ रेग्युलेटर बंद करा आणि पिन साफ होईपर्यंत गिझर वापरू नका.

सेल, सेन्सर, ठिणगी

दोन मोठे १.५ व्होल्टचे सेल. दोन्ही एकदम बदला, अल्कलाइन घ्या. ठिणगी पडते म्हणून सेल चांगले असं धरून चालू नका. ठिणगीला चालतील एवढे, पण सोलेनॉइड धरून ठेवायला अपुरे, अशा अवस्थेत सेल बरेच दिवस राहतात. ठिणगी पडत असताना मल्टिमीटर लावा. एका सेलला १.२ व्होल्टपेक्षा कमी दिसलं की बदला. किनाऱ्याजवळच्या घरांत खारट हवेने सेलच्या पत्र्यांवर हिरवट-पांढरी बुरशी धरते. बारीक पॉलिश पेपरने घासून कोरडं करा.

सेन्सर पिन बर्नरच्या वर असते. तिच्यावर काजळी किंवा पांढरा थर असेल तर ज्योत असूनही ती कळत नाही. गिझर थंड असताना, सेल काढून, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने टोक हलकेच घासा. पिन वाकवू नका. टोक ज्योतीत यायला हवं. ठिणगीच्या पिनेचं बर्नरपासूनचं अंतर चार मिलीमीटरच्या आसपास असतं. पावसाळ्यात सकाळी ठिणगी पडत नाही आणि दुपारी पडते, तर पिनेची चिनी मातीची नळी तडकली आहे. दमट हवेत ठिणगी त्या तड्यातून निसटते. पिन बदलायची, चिकटवायची नाही.

गॅस आणि वारा

६ लिटरचा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण ०.८ ते ०.९ किलो गॅस ओढतो, शेगडीच्या कितीतरी पट. एकाच रेग्युलेटरवर दोन्ही असतील तर शेगडीचे सगळे बर्नर लावल्यावर गिझरची ज्योत खाली बसते का ते बघा. सिलिंडर संपत आल्यावरही असंच होतं. थोडा उरलेला द्रव गॅस तितक्या वेगाने वाफ होऊ शकत नाही, सिलिंडर बाहेरून गार पडतो, त्याला घाम येतो आणि ज्योत मंदावते. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची. तारीख तिच्यावर छापलेली असते. गळती साबणाच्या फेसानेच तपासा, काडी पेटवून कधीच नाही. वास आला तर विजेच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

मागच्या उघड्या बाल्कनीत बसवलेला गिझर जुलैच्या वाऱ्यात विझत असेल तर जागा बदला किंवा बाजूने आडोसा करा. पण वरचं तोंड आणि खालची हवेची वाट झाकू नका.

बर्नरवर थेंब पडून चर्र आवाज येतो आणि ज्योत पिवळी होते, तर तांब्याची कॉईल गळतेय. चिऱ्यातल्या विहिरींचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं, ते तांबं हळूहळू खातं; फरशीवर निळसर-हिरवे डाग दिसले की समजा. अशा घरात क्षार काढायचं अ‍ॅसिड कॉईलमध्ये घालायला कुणी सांगितलं तर नको म्हणा, उरलेलं तांबंही जाईल. क्षाराचा त्रास किनाऱ्यालगतच्या जड पाण्याच्या बोअरवेलवर असतो. तिथे लिटरमागे ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून तासभर कॉईलमध्ये ठेवून भरपूर पाण्याने धुतात.

न्हाणीघराच्या आत गिझर असेल तर

आधी त्याची जागा बदला, बाकीची दुरुस्ती नंतर. एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. पाच बाय सात फुटांच्या, आठ फूट उंच न्हाणीघरात एकूण हवा आठ घनमीटर. वीस मिनिटांत गिझर त्यातली साडेतीन घनमीटर हवा वापरतो, आणि ऑक्सिजन थोडासाच कमी झाला तरी ज्योत अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार करायला लागते. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होणं, मळमळ, पायातली शक्ती जाणं, हे जाणवेपर्यंत दार उघडायचं त्राण उरत नाही. गिझर बाहेर, उघड्या हवेत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. ज्योत निळी हवी. पिवळी, लवलवती ज्योत किंवा कव्हरवर काजळी दिसली तर त्या दिवसापासून वापर बंद. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार फोडा, त्याला बाहेर हवेत आणा, गॅस बंद करा आणि १०८ ला बोलवा.

चवथीला (गणेश चतुर्थीला) घर उघडताना

बंद घरातला गिझर महिनोन्महिने पडून असतो. त्यात कुंभारीण माशी बर्नरच्या हवेच्या भोकांत मातीचं घर करते, कोळी नोझलजवळ जाळं विणतो, आणि पेटवल्यावर ज्योत मागे येते किंवा एका बाजूलाच धरते. कव्हर सोडा, टॉर्च लावून बर्नरच्या प्रत्येक फटीत बघा, मऊ ब्रशने झाडा, फुंकून काढू नका. जुने सेल आत राहिले असतील तर ते बहुधा पाझरलेले असतात. पत्रे साफ करून नवे घाला. मग गॅस बंद ठेवून दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, सुरुवातीचं तांबडं पाणी जाऊ दे, त्यानंतर जाळी काढून धुवा. नळीवरची तारीख आणि दोन्ही टोकांचे क्लिप बघा, फेस लावा. हे सगळं झाल्यावर रेग्युलेटर उघडा आणि पहिल्यांदा पेटवताना बाहेर गिझरजवळ उभं राहून ज्योत पूर्ण रुंदीवर निळी धरते का ते पाहा. आत नळ दुसऱ्या माणसाने सोडायचा.